नाव कमी करणेबाबत

“लिही,” श्रीपतराव मुलाला म्हणाले. “मुलीची प्रकृती नाजूक असल्याकारणाने तिचे नाव शाळेतून कमी व्हावे.”

वामनने टाक दौतीत बुडवला. श्रीपतराव झोके घेत होते त्या हिंचक्याच्या कड्या कुरकुरत होत्या. माजघराच्या दाराआड उभ्या असलेल्या निरुपमेला ओटीवर लिहायला बसलेल्या नवऱ्याची फक्त पाठ दिसत होती. त्या पाठीवरून काहीच कळत नव्हतं.

दोघांची लेक नीरा नऊ वर्षांची होती आणि प्रकृतीने ठणठणीत होती. पण महाराजांनी मुलींनाही शाळा सक्तीची केल्यापासून नाव काढायचं तर कारण द्यावं लागे, आणि खरं कारण कागदावर लिहिण्याजोगं नव्हतं. तेव्हा बडोद्यात मुलींच्या शाळेची बोलावणारी बाई असे. सकाळी घरोघर फिरून ती मुली गोळा करी आणि संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आणून सोडी. तिथून नीराचं घर वीस पावलांवर. आठ दिवसांपूर्वी त्या वीस पावलांत शेजारच्या उदयसिंहरावांच्या पुतण्याने, बळवंतने, तिला बोरं देतो म्हणून तबेल्यात नेलं. ती घरी आली तेव्हा एक वेणी सुटली होती, परकर फाटला होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

दिवेलागणीपर्यंत गल्लीला कळलं. दुसऱ्या दिवशी आणखी चार मुली शाळेत गेल्या नाहीत. फौजदाराकडे मात्र कोणीच गेलं नाही.

“पोरगं चुकलं, काका,” उदयसिंहराव सुपारी कातरत म्हणाले. आज ते मुद्दाम आले होते. “सावली गावाला धाडलाय त्याला, शेतावर. महिनाभर इकडं तोंड दाखवणार नाही.”

“महिना पुष्कळ झाला,” श्रीपतराव म्हणाले. “बभ्रा नको. वैशाखात आम्ही मुलीचं उरकून टाकतो. तोवर घरात राहील. उंबऱ्याच्या आत कोणाची माय व्यालीय तिला हात लावायची?”

बळवंतला महिना आणि नीराला जन्मभर. निरुपमेला एवढंच ऐकू आलं.

आठ दिवसांत नीरा आज पहाटे पहिल्यांदा बोलली होती. “आई, माझी पाटी कुठं गं ठेवलीस?” पाटी निरुपमेनेच लपवली होती, मामंजींच्या सांगण्यावरून, धान्याच्या कोठीमागे.  ती नुसती लेकीच्या केसांवरून हात फिरवत राहिली होती.

घरात आणखी एक बाईमाणूस होतं. आनंदी आत्या, श्रीपतरावांची धाकटी बहीण. आठव्या वर्षी लग्न झालं, नवव्या वर्षी कपाळ पुसून परत माहेरी आली. पुढे केस गेले, लाल आलवण आलं. चाळीस वर्षं ती चुलीपुढे होती. भावासमोर तिने कधी तोंड उघडलं नाही. दादा घरात असले की स्वयंपाकघराचं दार ती आतून लावून घेई. भावाचा केवढा धाक, निरुपमेला वाटे. नीराचं अंगावरचं दूध सुटलं तसं आत्याने तिला आपल्या कुशीत घेतली. अंथरूण नेहमी दाराला आडवं. आजोबांचं दूध माडीवर न्यायला नीरा उठली, की आत्या खेकसे, “तू बस. वामन नेईल.” म्हातारपणाचं खूळ म्हणून निरुपमेने ते सोडून दिलं होतं. शाळेची गोष्ट निघाली तेव्हा मात्र घरात सगळ्यांच्या आधी आत्याच म्हणाली होती, “धाडा गं पोरीला. दिवसभर धाडा.”

“नीराबेन, चालो!”

गल्लीतून हाक आली. बोलावणारी जीवीबेन. आठ दिवस ती रोज हाक देत होती, घटकाभर थांबत होती आणि निघून जात होती.

“ही आजची हाक शेवटची,” श्रीपतराव म्हणाले. “वामन, सही कर. तिच्याच हाती कागद देऊ.”

 निरुपमेच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती, ती मामंजींपुढे एक शब्द बोलली नव्हती.

“तिला जायचंय,” ती दाराआडून म्हणाली.

वामनचा टाक थांबला.

“वा, काका!” उदयसिंहराव हसले. “तुमच्याकडे दारंसुद्धा बोलायला लागली की!”

“सूनबाई, तुम्हाला कोणी विचारलं?” श्रीपतरावांनी मानही वळवली नाही. “सही कर रे.”

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. आनंदी आत्या बाहेर आली. तिच्या हातात नीराचा हात होता. नीराच्या दोन्ही वेण्या घट्ट घातलेल्या होत्या आणि काखेत पाटी होती. निरुपमेच्या जवळून चालत दोघी थेट ओटीवर गेल्या. पुरुष बसलेले असताना आत्याने तिथं पाऊल टाकल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. उदयसिंहरावांनी अडकित्ता खाली ठेवला.

“आनंदे, आत हो,” श्रीपतराव म्हणाले. आवाज चढला होता, पण पुरता चढला नाही. “पोरीला घरात ठेवायचं ठरलंय. हे जे झालं ते शाळेपायी झालं.”

आत्याने नीराचा हात सोडला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने भावाच्या डोळ्यांत पाहिलं. ती रागावलेली दिसत नव्हती. एखादी साधी गोष्ट विचारायची राहून गेली असावी, तसं तिने विचारलं.

“मी नऊ वर्षांची होते, दादा. मी कुठं शाळेत जात होते?”