नव्वद मीटर

कंडक्टरनं घंटी मारून बस थांबवली. दोघी उतरल्या, बस रामाकोन्याकडं निघून गेली, आणि मनकर्णाबाईला वळणच दिसेना.

सडक ताणलेल्या दोरासारखी सरळ पडली होती. काळीभोर, कडेला चुन्यानं रंगवलेले दगड. मागच्या पौषात, वर्षश्राद्धाला, ती इथंच उतरली होती. तेव्हा एका बाभळीला वळसा घालून सडक नाल्याकडं झुकायची. त्याच वळणावर, दोन वर्षांमागं, सायकलनं शाळेत नोकरीवर निघालेल्या तिच्या मुलाला, मोरेश्वरला, ट्रकनं उडवलं होतं. पिशवीत नारळ होता, उदबत्ती होती, पानात बांधलेल्या दोन करंज्या होत्या. ठेवायच्या कुठं?

"आपण भलतीकडं उतरलो का वं?"

"नाही, आई. हेच व्हय."

सून उर्मिला मोरेश्वरच्या जागी रामाकोन्याच्या शाळेत लागली होती. रोज याच सडकेनं तिचं जाणंयेणं होतं. मनकर्णाबाईच्या ते आता ध्यानात आलं.

"तू तं रोज पाहत होती. मंग सांगतलं काहून नाही मले?"

उर्मिलानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

दोघी शोधायला लागल्या. बाभूळ तोडलेली होती. जुनी सडक उकरून तिची गिट्टी कोणी नेली होती आणि लागूनच शेत असलेल्या भगवंतरावानं तेवढ्या पट्ट्यात तूर पेरून टाकली होती. तूर कमरेपर्यंत आलेली, शेंगांनी लगडलेली. मनकर्णाबाई म्हणे, इथं, मैलाच्या दगडापाशी. उर्मिला म्हणे, नाही, त्याच्या पुढं, नाल्याच्या अंगानं. दोघींनी त्याला त्या दिवशी एकाच जागी पाहिलं होतं, आणि आज दोघींची बोटं दोन दिशांना होती.

त्यांना तुरीत फिरताना पाहून पत्र्याच्या शेडमधून सडकेच्या कामावरचा ओव्हरसियर आला. मधुकर नावाचा, तिशीच्या आतला, त्यांच्याच सौंसरचा पोरगा. काय हरवलं म्हणून त्यानं विचारलं. उर्मिलानं सांगितलं. त्यानं शेडमधून नकाशा आणला आणि बांधावर पसरला. नवी सडक जाड रेघेची, जुनी तुटक तुटक ठिपक्यांची. पोलिसांच्या कागदात कितवा किलोमीटर लिहिला होता, एवढं कळलं तर जागा काढता येईल, असं तो म्हणाला.

"बावन्न बटे चार," उर्मिला म्हणाली. बावन्नाव्या किलोमीटरातला चौथा दगड.

मनकर्णाबाई तिच्या तोंडाकडं पाहत राहिली. असा काही कागद होता हेच तिला ठाऊक नव्हतं. तेरवीच्या आधी ठाण्यातून माणूस तो कागद घेऊन आला होता, त्यावर आपली सही घेतली होती, असं उर्मिलानं खालच्या आवाजात सांगितलं.

मधुकरनं टेप ओढला. त्या दोघींनी टोक धरलं. त्यानं मापलं, परत मापलं, मान हलवली. दगड सगळे नव्यानं लावले होते. वळण काढल्यानं सडक नव्वद मीटर कमी झाली होती, त्यामुळं जुना आकडा नव्या दगडाशी जुळत नव्हता.

"कमी झाली?" मनकर्णाबाईनं विचारलं. "मंग ते नव्वद मीटर गेलं कोठी?"

इथं सात माणसं गेली म्हणून वळण काढायची मंजुरी आली, चांगल्यासाठीच केलं, असं मधुकर सांगत राहिला. त्या सातांत आमचा कितवा, असं तिनं विचारलं. त्यानं फाईल चाळली. फाईलमध्ये नावं नव्हती, आकडा होता.

शेवटी त्यानं अंदाजानं तुरीत एक खुंटी ठोकली. मनकर्णाबाईनं तिच्यापाशी उदबत्ती लावली, नारळ फोडला, करंज्या ठेवल्या. ना खुंटी तिच्या बोटाच्या दिशेला होती, ना उर्मिलाच्या. हात जोडले तरी मन तिथं बसेना. पुन्हा पुन्हा तिची नजर बाजूच्या तुरीत जात होती.

बस आता इथं थांबत नाही, सकाळी कंडक्टरनं मेहरबानी केली, म्हणून दोघी पायीच रामाकोन्याला गेल्या आणि तिथून परतीच्या बसमध्ये बसल्या. मनकर्णाबाई खिडकीपाशी. बसनं वेग घेतला. खुंटी दिसेल म्हणून ती काचेला कपाळ टेकवून बसली. मग काहीतरी विचारायला म्हणून वळली, तर उर्मिलानं डोळे गच्च मिटले होते आणि समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता.

"का झालं वं? जीव मयमयते का?"

"नाही." उर्मिलानं डोळे उघडले नाहीत. "मी इथं रोज अशीच बसतो, आई. पहिले वळणावर बस हळू व्हायची, अंग एका बाजूला जायचं. मंग सीधं झालं का मी डोये उघडो. आता समजतच नाही, कवा उघडाव ते."

मनकर्णाबाईनं बाहेर पाहिलं. तूर, चुन्याचे दगड, परत तूर, सगळं एकसारखं मागं पळत होतं.

"राहू दे तशीच. मी सांगतो कवा उघडाव ते," ती म्हणाली, आणि बस सौंसरात शिरेपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघाला नाही.