नळीतला चीक

कुरडयांचा चीक काढून बेबाबाईंनी पातेली सिंकमध्ये धुतली आणि पाणी तुंबायला लागलं. सुरतेहून लेकानं फोनवर सांगितलं, “आई, उकळतं पाणी ओत.” ओतलं, तर थेंबही उतरेना. “राहू दे, प्लंबर बोलाव. एकटीला झेपत नाही म्हणूनच म्हणतो, दोंडाईच्याचं घर विकून इकडे ये.” बेबाबाईंनी फोन ठेवला, पदर खोचला. बादली घेऊन त्या सिंकखाली बसल्या. नळीच्या बुडाला आट्यांनी बसवलेली, गाळ अडवणारी वाटी हलेना. तिला फडकं गुंडाळून, भिंतीला पाय रोवून त्यांनी दातओठ खाऊन फिरवली. वाटी सुटली, बादलीत शिजलेल्या चिकाचा गोळा पडला. वाटी घासून बसवली, नळ सोडला. पाणी गडगडत गेलं. तोच फोन वाजला. “प्लंबर आला का?” बेबाबाई अहिराणीत म्हणाल्या, “तो कसाले? मी शे ना! उकयता पानीमा चीक शिजस. ज्याले इतलं समजत नही, त्याना भरोसावर मी घर इकू?”