उन्हाकडची बाजू

मुख्य गॅसवाहिनीतून भट्टीकडे वळवलेल्या नळीला दोर बांधून अख्खी कुंभारआळी चार दिवस ओढत होती. पूर्वी अशा दोन नळ्यांच्या सांध्याभोवती मजबुतीसाठी लोखंडाचं कडं वेल्ड करावं लागे. या नळ्यांचा नवा धातू मात्र हाडासारखा, ताण पडेल तिथे आपोआप जाड होणारा. कडं आता ओढून ओढून वाढवायचं.

तपासनीस मेढेकरांनी सांध्यावरून मापक फिरवला.

"भागूआत्या, एका अंगाला कडं झकास भरलंय. दुसऱ्या अंगाला पापडासारखं आहे. सगळे एकाच बाजूने ओढत होतात का?"

भागूआत्याने चिंचेकडे पाहिलं. "सावली तिकडंच हाय की, सायेब."

"मग गॅस सोडता येणार नाही."

दिवाळी तोंडावर आली होती आणि पणत्या कच्च्याच पडून होत्या. भागूआत्याने पदर खोचला, दोर उचलला आणि उन्हात जाऊन उभी राहिली. एकेक करत सगळी आळी तिच्या मागे दोराला लागली. मेढेकरांनीही बूट काढले, बाह्या वर सारल्या आणि सावली बघून चिंचेखालीच जाऊन उभे राहिले.

आळी खो खो हसली. कुणीतरी त्यांना हाताला धरून उन्हात आणलं, डोक्यावर ओला पंचा टाकला.

चौथ्या दिवशी कडं दोन्ही अंगांना सारखं भरलं आणि भट्टी पेटली. भाजून निघालेली पहिली पणती भागूआत्याने मेढेकरांच्या रापलेल्या हातात ठेवली.