नावं संपेपर्यंत

पडद्यावरची बाई चौथ्या मजल्याची काच फोडून खाली आली, आणि सुप्रभाबाई जोरात ओरडल्या, "मान आत घे, पोरी!"

जपानमधल्या सेंदाई शहरातल्या त्या छोट्याशा थिएटरात तोवर कुणी साधं खाकरलंही नव्हतं. पुढची दोन-तीन डोकी वळली. कश्मिरा लाजेने खुर्चीत अर्धी झाली. "सुमिमासेन, सुमिमासेन," अशी माफी मागत तिने अंधारातच मान तुकवली आणि आईच्या कानाशी लागली, "आई, इथे सिनेमात बोलत नाहीत गं!"

"अगं, पण मान मोडली असती ना तिची!"

"कुठे? ती बघ, धडधाकट उभी आहे हिरॉइन."

"ही नव्हे गं बाई. जी पडली ती! केसांनी तोंड कसं झाकून घेतलं बघितलंस? हात बसलाय पोरीचा."

कश्मिराला हसू आलं. आईने उभी हयात मुंबईच्या सिनेमात हेच तर केलं होतं. डुप्लिकेट म्हणून. हिरॉइनचे कपडे चढवायचे, डोक्याला तिच्यासारखा विग लावायचा, आणि घोड्यावरून, जिन्यावरून, चालत्या जीपमधून स्वतः पडायचं. पडद्यावर आईची नुसती पाठ दिसायची. त्याच पाठीवर कश्मिराची शाळा झाली, कॉलेज झालं, आणि आज ती इथल्या विद्यापीठात संशोधन करत होती.

हे सगळं एकदा आईला तोंडावर सांगायचं होतं. पण सांगणार कसं? परवा भांडी विसळताना धीर करून म्हणाली, "आई, तू जे केलंस ना माझ्यासाठी, थँक्यू," तर आई उसळलीच. "थँक्यू काय थँक्यू? मी काय परकी आहे? ती कढई दे इकडे." झालं! विषय संपला. उद्या आईचं विमान होतं. गुडघे असे, वय असं; इतक्या लांब ती परत येईल याचा काय भरवसा? आज राहिलं तर ते राहिलंच.

निघायच्या आदल्या दुपारी सिनेमा ही आईचीच फर्माईश. हाँगकाँगचा, पोलीस आणि गुंडांचा. बोलणं कँटोनीज, खाली अक्षरं जपानी. "मारामारीला भाषा कशाला लागते?" म्हणत तिने पोस्टरवर बोट ठेवलं होतं.

सिनेमा होता मात्र झोकदार! गुंड पांढऱ्याशुभ्र सुटात. इन्स्पेक्टरचा भांग भर गोळीबारातही मोडत नव्हता. लाल-निळ्या दिव्यांत पाऊस कोसळायचा, आणि जो तो इतका सावकाश पडायचा, की वाटावं, पडावं की नको याचा अजून विचारच चाललाय. सुप्रभाबाई आता तोंडाला पदर लावून बघत होत्या. पण पडद्यावर कुणी कोसळलं की त्यांचा खांदा इकडे आपोआप आत वळायचा.

शेवटी इन्स्पेक्टर आणि गुंडांचा म्होरक्या बंदरावर एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले, दोघांनी मिळून एक सिगरेट ओढली, आणि पडदा काळा झाला. नावं सुरू झाली. सुप्रभाबाईंनी पिशवी उचलली, चपला चाचपल्या. "चल, आटपलं."

कश्मिराने त्यांचं मनगट धरलं. बोटांना कातडीखालची स्टीलची पट्टी लागली. ते कुठल्याशा घोड्याचं देणं. "बस, आई. इथे दिवे लागेपर्यंत कुणी उठत नाही."

सुप्रभाबाईंनी वळून पाहिलं. खरंच कुणी हललं नव्हतं. पुढच्या रांगेतले आजोबा टोपी मांडीवर ठेवून शांत बसले होते.

"काय बघतायत सगळे?"

"नावं."

"कुणाची?"

"सगळ्यांची. ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांची."

सुप्रभाबाई हळूच पुन्हा टेकल्या. "काय माणसं आहेत!" त्या पुटपुटल्या. "आमच्याकडे निम्मं थिएटर तोवर रिक्षा शोधत असायचं. आणि थांबून तरी काय? आमची नावं कुठे असायची!" बोलण्यात तक्रार अशी नव्हती.

नावं वर सरकत होती. एका जागी कश्मिराने आईचा हात दाबला. "आई, ही दोन अक्षरं बघ. बदली आणि अंग. बदली अंग."

"म्हणजे डुप्लिकेट!"

"हो. ही खालची सगळी त्यांची नावं."

"वाच ना."

नावं चिनी, पण अक्षरं ओळखीची होती. कश्मिरा जपानी उच्चारांनी जमेल तशी, अगदी हलक्या आवाजात वाचू लागली. चुकत असणार, पण आईला त्याचं काय! सेटवर ओळखीचं माणूस दिसावं तशा सुप्रभाबाई एकेका नावाला मान हलवत होत्या. शेवटचं नाव वर गेलं, दिसेनासं झालं. कश्मिराने त्याच आवाजात आणखी एक वाचलं, "सुप्रभा शेलार."

सुप्रभाबाई दचकल्या. "अगं, हळू! लोक ऐकतील."

"ऐकू देत," कश्मिरा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं तिच्या मनात नव्हतं.

या वेळी आई उसळली नाही. परकी आहे का, असंही म्हणाली नाही. पट्टीचा हात लेकीच्या हातात तसाच राहिला.

दिवे लागले. लोक उठले, रिकामे कप हातात घेऊन दाराकडे निघाले. जाता जाता टोपीवाल्या आजोबांनी दोघींकडे बघून किंचित मान लववली. सुप्रभाबाई मात्र बसूनच होत्या. समोर पडदा पांढरा, कोरा.

"कश्मिरा," त्या म्हणाल्या, "परत वाच की."