घमेल्यातलं पाणी

आमच्या शुक्रवार पेठेतल्या अंगणात अकरा कुंड्या, कढीपत्त्याचं एक झाड आणि पक्ष्यांसाठी मी दहा सेंटिमीटर पाणी भरून ठेवलेलं घमेलं होतं. सात दिवसांत आलेले पक्षी शून्य. आजी गेल्यावर गावी एकटे नकोत म्हणून आजोबांना मेंढरं विकायला लावून इकडे आणलं, पण त्यांचं मन रमेना. "आठ दिसांत एक जरी पाखरू पाण्याला आलं तर ऱ्हातो, न्हाईतर नऊच्या यष्टीनं गावाला जातो," ही त्यांची अट. आठव्या दिवशी मी उठले तेव्हा त्यांची भरलेली पिशवी दारात होती आणि ते घमेल्यात चपटे दगड रचत होते. "हे काय, आबा?" "कोकरू खोल पाण्याला भितंय, म्हनून मेंढरांच्या पाण्याच्या डोणीत दगड टाकतो आमी. पाखराचं बी तसंच." "मग आधी सांगायचं ना!" "इचारलंस कुटं?" पहिली चिमणी सात वाजून बारा मिनिटांनी उतरली.