चंद्रकलेचा पदर

"मी उत्तम आहे," औषधाची बाटली गोड आवाजात म्हणाली. शालनबाईंनी ती उचलून परत वाटपाच्या खिडकीत ठेवली.

"काकू, बाटली स्वतः सांगतेय ना!" वाटपकेंद्रातला देवदत्त म्हणाला. "नाकारलीत तर तुमच्या मुलीचं नाव यादीतून जाईल."

"आणि गुठळ्या झालेलं औषध टोचलं तर तिचं शरीर त्यावर कायमचं उलटेल. मग चांगलं औषधही लागू पडणार नाही."

शालनबाईंनी तीस वर्षं कारखान्यात बाटल्या डोळ्यांनी तपासल्या होत्या. बाटल्या बोलू लागल्या आणि त्यांची नोकरी गेली. पण बाटली मोजायची ते फक्त औषधातल्या प्रथिनांचं प्रमाण. त्या प्रथिनांना सांभाळणाऱ्या साबणासारख्या चिमूटभर घटकाची तिला खबरच नसे. तो घटक विटला, की औषध आणणाऱ्या ड्रोनमधल्या हादऱ्यांनीही प्रथिनांच्या गुठळ्या होत.

"डोळ्यांनी तपासायला बंदी आहे, काकू."

"मग तू तुझे मीट!"

आज त्या मुद्दाम काळी चंद्रकला नेसून आल्या होत्या. त्यांनी बाटली हळूच कलती केली आणि पदरासमोर धरली. काळ्यावर पांढरे तंतू स्पष्ट तरंगू लागले.

"मी उत्तम आहे," बाटली पुन्हा म्हणाली. रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

देवदत्त मात्र हसला नाही. "नाव खोडू का मग?"

"खोड. पण कारणही लिही. बाटली खोटं बोलली, असं लिही."

आपलं औषध घेऊन दारापर्यंत पोचलेली एक बाई तिथूनच मागे फिरली. पिशवीतून बाटली काढत ती म्हणाली, "ताई, पदर जरा तसाच धरा."