तिसऱ्या दिवशीचे रस्ते

ख्रिस्ती धर्मयुद्धाची नऊशे वर्षांपूर्वीची ती लॅटिन बखर अल्काने चार वर्षं खपून मराठीत आणली होती. शेवटचं पान तिने कामठ्याला ओसरीवर बसून आजोबांना, शालिकरामांना, वाचून दाखवलं. शहर पडलं, दहा हजार माणसं कापली गेली आणि तिसऱ्या दिवशी वीरांनी त्याच रस्त्यांवरून अनवाणी जाऊन देवाचे आभार मानले.

"खोटं हाय," आजोबा म्हणाले.

"आबाजी, लिहिणारा स्वतः तिथे होता."

"मंग मुडदे कोनं ओढले?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "छप्पन साली धम्म घेतला, तवापर्यंत गावची मेलेली ढोरं आमीच ओढत होतो. एका बैलाले चार जन लागत. दहा हजार मुडद्याईचे रस्ते आपोआप मोकळे झाले? ओढनाऱ्याईचं काऊन नाही लिवलं?"

अल्काला स्वतःचाच संताप आला. बखरीत लिहिलं होतं. जिवंत सापडलेल्या कैद्यांना आपल्याच माणसांची प्रेतं वेशीबाहेर ओढायला लावली, असं एक आख्खं वाक्य होतं. पीएच.डी.च्या गाइडसरांनी अनुवादातल्या त्या वाक्यावर लाल रेघ मारली आणि तिनेही ते मुकाट्याने काढून टाकलं.

"रसभंग होतो," सर म्हणाले होते. "आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही."